डाव्या हाताला नदी

आमच्या अवसरी बुद्रुकच्या शिवारात मुंजाचा एक पिंपळ आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की भर दुपारी त्याच्याखाली थांबायचं नाही. मी पुढची कित्येक वर्षं भर दुपारी माझी स्कूटी त्याच्याचखाली लावली, कारण त्या रस्त्याला दुसरी सावलीच नाही. मुंजाने मला काही केलं नाही. कावळ्यांनी सीट खराब केली, तेवढंच.

हे आधी सांगून टाकते, कारण या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात हसते. कुणीतरी मागून चालत होतं, पैंजणांचा आवाज आला... माझा पहिला प्रश्न असतो - किती अंतरावरून? कोणत्या दिशेने? चिडू नका, माझा धंदाच तो आहे. मी जमिनीची मोजणी करते. आयटीआय केलं, सुरुवातीला एका खासगी सर्व्हेअरच्या हाताखाली उन्हातान्हात साखळी ओढली, आता कंत्राटावर सरकारी मोजणीची कामं घेते. या कामात भुतं भेटत नाहीत, भावकी भेटते, आणि ती पुरेशी असते.

तरी लिहितेय. दोन वर्षं हे मनात ठेवलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुला ऊन लागलं असेल. लागलं असेलही. पण उन्हाने बूट भिजत नाहीत, आणि माझे भिजले होते.

जागा नीट सांगते. मंचरहून घोडेगाव, तिथून शिनोली - तिथे मी कायम चहाला थांबते - मग डिंभ्याचं धरण. धरण मागे टाकून पाणसाठ्याच्या कडेकडेने पश्चिमेला जात राहिलं की रस्ता हळूहळू अरुंद होतो, भाताची खाचरं लागतात आणि एका वाडीपाशी डांबर संपतं. वाडीचं नाव देत नाही, तिथल्या लोकांना उगाच त्रास नको. वाडीच्या पलीकडे अभयारण्याचं राखीव जंगल सुरू होतं. डोंगरातून एक नदी उतरते, जंगलातून येते, वाडीला खेटून जाते आणि खाली घोड नदीला मिळते. नकाशात तिला नाव आहे, वाडीतले लोक नुसतं 'नदी' म्हणतात.

काम असं होतं. जुन्या कागदात हद्दीचं वर्णन एका ओळीचं आहे - नदीच्या अलीकडे गावाची जमीन, पलीकडे राखीव जंगल. सरळ आहे ना? पण नदी सरळ नाही. हौसाबाई नावाच्या एका म्हातारीचं भाताचं खाचर आहे, दोन पोती भात होईल एवढं. तिचं म्हणणं असं, की पूर्वी नदी तिच्या खाचराच्या मागून, कड्याच्या पायथ्याने जायची. म्हणजे खाचर नदीच्या अलीकडे, गावात. मग एका पावसात वरून झाडं वाहून आली, डोहाच्या तोंडाशी अडकली, आणि नदीने बाजू बदलून खाचराच्या पुढून वाट काढली. तेव्हापासून खाचर नदीच्या पलीकडे गेलं. लोक कसत राहिले, कुणी विचारलं नाही. आता हद्दीच्या खुणा नव्याने पक्क्या करायचं ठरलं, आणि कागदाप्रमाणे खाचर जंगलात निघालं. पुढच्या हंगामापासून पेरायचं नाही, असं तिला तोंडी सांगून झालं होतं. तिने अर्ज केला, सुनावणी लागली, आणि साहेबांनी आदेश दिला - 'नदीच्या काठाने प्रत्यक्ष चालून मोजणी करावी.' कोणत्या नदीच्या, जुन्या की नव्या, ते आदेशात नव्हतं. लिहिणाऱ्याला एकच नदी माहीत असणार.

ती मोजणी माझ्याकडे आली. आता माझा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावरच फिरलं. मी मोजायला जाते तेव्हा आधी नकाशा बघत नाही. कुणाचा अर्ज, काय भानगड, तेही वाचत नाही. नकाशा बघून चाललं की पाय नकाशाप्रमाणे चालतात, हे मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या काकांनी डोक्यात बसवलं होतं. आधी जमीन चाल, मग कागद उघड. त्यामुळे वरचा परिच्छेद मी तुम्हाला आत्ता सांगितला, पण त्या सकाळी वाडीत उतरले तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की नदीच्या काठाने चालायचं, गावाच्या बाजूने, म्हणजे नदी डाव्या हाताला ठेवून.

मे महिना होता, सकाळचे साडेदहा. डोहापाशी तीन माणसं माझी वाट बघत होती. एक हौसाबाई, वय ऐंशीच्या पुढचं, अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. दुसरा तिचा पुतण्या नामदेव. आणि तिसरे वनरक्षक, ज्यांना सगळे गार्डभाऊ म्हणत होते. गार्डभाऊ निरगुडसरचे निघाले, म्हणजे आमच्या शेजारचेच, त्यामुळे आधी दहा मिनिटं कुणाची पोरगी कुणाला दिली यात गेली. माणूस सरळ वाटला. म्हणाले, "मॅडम, माझी आजीशी दुश्मनी न्हाई. पण मला हद्दीत जे दिसंल तेच मी लिवणार."

मी म्हटलं, "मीही तेच लिहिणार आहे."

डोहात पाणी होतं, काळसर, शांत. काठावर मोठं जांभळाचं झाड. माझा आरंभबिंदू तोच. खाली पायी ओलांडायचा साकव दिसतो तिथे शेवट, असं गार्डभाऊंनी सांगितलं. जीपीएसचं यंत्र चालू केलं, उपग्रह धरायला वेळ लागत होता म्हणून जरा थांबले. तेवढ्यात म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या ओंजळीत मातीचं ढेकूळ होतं, वाळून कडक झालेलं, भाताची मुळं अजून चिकटलेली.

"हे डोक्यावर घे," ती म्हणाली.

मला कळेना. नामदेव ओशाळून हसला. "मॅडम, जुनी रीत हाय. शीव चालायची तर चालणाऱ्याच्या डोक्यावर त्या रानाची माती ठिवायची. मग माणूस खोटं चालत न्हाई म्हनत्यात. आजी, आगं त्यांच्याकडं मशीन हाय, मशीन खोटं बोलत न्हाई."

"मशीन चालत बी न्हाई," म्हातारी म्हणाली. "चालनार ही."

मी ऐकलं होतं या रितीबद्दल, शिकवणारे काकाही सांगायचे - पूर्वी शिवेचं भांडण असंच मिटवत, डोक्यावर माती घेऊन माणूस जिथून चालेल ती शीव, म्हणजे हद्द. खोटं चालला तर वर्षाच्या आत त्याच्या घरात वाईट होणार, अशी समजूत. मी गार्डभाऊंकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत होते. शेवटी डोक्याला स्कार्फ होताच, त्याच्या गाठीत वरच्या बाजूला ते ढेकूळ बांधून घेतलं. नाही म्हटलं असतं तर अर्धा तास गेला असता, आणि खरं सांगायचं तर म्हातारीच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही.

"चला," मी म्हटलं, "तुम्ही इथंच थांबा." मोजणी चालताना मी कुणाला बरोबर घेत नाही. बरोबरचा माणूस नकळत आपल्या सोयीच्या बाजूला सरकवतो.

निघाले.

सुरुवातीलाच दगडगोट्यांचा एक रुंद कोरडा पट्टा आडवा आला. पावसाळी ओहोळ असावा, असं समजून मी तो ओलांडला. पुढे पाणी दिसलं. मी पाण्याच्या काठाने चालायला लागले. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच, नदीच्या काठाने चालायचं होतं आणि नदी समोर होती.

घोट्याएवढं पाणी, स्वच्छ, तळाची वाळू दिसत होती. पलीकडे काळा कडा सरळ वर गेलेला. पाण्याचा आवाज बऱ्यापैकी मोठा होता, मला आठवतंय, कारण मी यंत्राची बीप ऐकायला ते कानाजवळ धरत होते. काठावर करंज आणि उंबर ओळीने उभे, फांद्या खाली आलेल्या, त्यामुळे दोनतीन ठिकाणी काठ सोडून पाण्यात उतरावं लागलं. बूट भिजले. मी स्वतःवरच चिडले, कारण ते घेऊन दोनच महिने झाले होते. तेवढ्यातही डाव्या बुटाची टाच आतल्या बाजूने घासली होती, ते माझ्या चालण्यामुळे, सगळेच बूट तसे होतात.

माझ्या वहीत त्या दिवशीच्या नोंदी आहेत, आत्ता समोर ठेवूनच लिहितेय. 'उजवीकडे भातखाचर, बांधावर दोन हिरडे.' 'प्रवाहात मधोमध सपाट दगड, कपडे धुण्याचा, वरचा भाग झिजलेला.' त्या दगडापाशी मी थांबले होते. दगडाच्या कडेला काठाचा ओला गाळ होता, पाय रुतला, काढताना बूट निघतो की काय असं वाटलं. बारके मासे येऊन बुटाला टोचत होते. गार वाटलं. इतकं गार, की मे महिना आहे हे थोडा वेळ मी विसरलेच. भीती वगैरे अजिबात नाही. कुणी दिसलं नाही, कुणी हाक मारली नाही... म्हणजे मला तरी ऐकू आली नाही.

कपाळावरून काहीतरी ओघळत होतं. घाम समजून पुसत होते.

अर्ध्या तासाने साकवापाशी पोचले, शेवटचा बिंदू घेतला आणि यंत्र बंद केलं. मान वर केली तर नामदेव धापा टाकत समोर. मागोमाग गार्डभाऊ.

"मॅडम, तुमी तिकडून कुठनं आलात?" नामदेव म्हणाला. "किती हाका मारल्या आमी! लई वरडलो. तुमी वळूनसुदिक बघितलं न्हाई."

"नदीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं," मी म्हटलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. गार्डभाऊंनी हात लांब करून दाखवलं. साकवाच्या खाली, वर डोहापर्यंत, दगडगोट्यांचा कोरडाठाक पट्टा गेला होता. मी सुरुवातीला ओलांडला तोच.

"नदी ही हाय, मॅडम. मार्चपासून सुकलीय. डोह सोडला तर थेंब न्हाई."

मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. मी म्हटलं, मग मी चालले ती काय? गार्डभाऊ सावकाश म्हणाले, "तुमी आजीच्या खाचराच्या मागनं आलात, कड्याखालच्या झुडपातनं. मी या पट्ट्यानं तुमच्या बरोबरीनं चालत व्हतो, खाचरावरून सगळं दिसत व्हतं. मला वाटलं मुद्दाम चाललात, म्हून मग मी वरडायचं सोडलं." मग म्हणाले, "पर तुमी पाय उचलून उचलून टाकत व्हता. पान्यातनं चालत्यात तसं."

मी खाली बघितलं. माझे बूट ओले होते, मोजे ओले, पँट नडगीपर्यंत ओली. त्यांनीही बघितलं. कपाळ पुसलेला हात मी तेव्हा पहिल्यांदा बघितला, तर त्याला चिखल होता. स्कार्फची गाठ सोडली. ढेकूळ भिजून मऊ झालं होतं, लिंपणाच्या मातीसारखं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते स्पष्ट सांगते. राग आला. भीती नंतर, घरी गेल्यावर, भांडी घासताना वगैरे. तिथे मात्र फक्त राग, की माझ्या मोजणीत हे कसलं लफडं. मी म्हटलं, "गार्डभाऊ, चला माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता."

आम्ही दोघं उलट्या दिशेने निघालो, मी आले होते त्याच वाटेने, यंत्रावरचा ट्रॅक बघत. तो ट्रॅक खरोखरच खाचराच्या मागून गेला होता. आणि तिथे पाणी नव्हतं. ओलसुद्धा नव्हती. कारवीच्या काटक्या, घाणेरीची झुडपं, पायाखाली पाचोळा इतका वाळलेला की दर पावलाला करकर आवाज. ज्या झाडांच्या फांद्या चुकवायला मी पाण्यात उतरले होते, ती करंज-उंबराची ओळ तेवढी तिथेच होती. पलीकडे कडाही तोच.

सपाट दगड सापडला. म्हणजे मी शोधून काढला, कारण तो अर्ध्याहून जास्त मातीत गेला होता आणि वर वाळवीने घर केलं होतं. गार्डभाऊंनी कोयत्याने वाळवीचं वारूळ खरवडलं, खालून झिजलेला भाग निघाला. मग दगडाच्या कडेचा पाचोळा त्यांनी पायाने बाजूला केला आणि ते एकदम मागे सरकले.

खाली सुकलेला गाळ होता, भेगा पडलेला, विटेसारखा टणक. त्यात बुटाचे ठसे होते. तीन. एक खोल, जिथे पाय रुतून ओढून काढावा लागला असेल. नक्षी माझ्या बुटाची. डावी टाच आतून घासलेली.

मी त्या खोल ठशाच्या कडेवर टाचेने जोर दिला. तुटला नाही. कोयत्याच्या पाठीने ठोकलं तेव्हा कुठे टवका उडाला. असा गाळ अर्ध्या तासात सुकत नाही, भर उन्हात महिनाभर लागतो... आणि तिथे तर वर कित्येक वर्षांचा पाचोळा होता. खालचा थर कुजून काळा झालेला.

"मॅडम," गार्डभाऊ हळू आवाजात म्हणाले, "मी हे लिवू शकत न्हाई."

"मीही नाही," मी म्हटलं.

मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानते. ते बसले आणि ठशांपासून हातभर लांब कोयत्याने खणायला लागले. वीतभर खाली वाळू लागली. नदीची वाळू, आणि तिच्यात गुळगुळीत गोल गोटे. दोन-चार ठिकाणी उकरून बघितलं, ट्रॅकच्या कडेने जिथे उकरू तिथे वाळू. ते हात झटकत उठले. "हे लिवतो. नदी हितनं ग्येली व्हती, एवढं तर डोळ्याला दिसतंय."

दुपारी मी दुसरी मोजणीही केली, त्या कोरड्या पट्ट्याच्या काठाने, नामदेवला समोर बसवून. हे नियमाने करायलाच हवं होतं. यंत्राने निमूटपणे मी चालले तसाच ट्रॅक दिला. एकाच दिवसाचे, एकाच माणसाचे, एकाच नदीचे दोन काठ माझ्याकडे झाले. मग संध्याकाळी पहिल्यांदा कागद उघडले, तेव्हा कळलं की म्हातारीचा अख्खा अर्ज याच एका गोष्टीसाठी होता.

निघताना हौसाबाई जांभळाखालीच बसली होती. तिला नामदेवने काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. माझ्या बुटांकडे बघत तिने विचारलं, "धोंडा लागला का मधी?"

"लागला. सपाट."

"त्यो माझा," ती म्हणाली. "लगीन हून आले त्या दिसापासनं त्याच्याव धुणं धुतलं. नदी फिरली आन् धोंडा मागं राह्यला." मग माझ्या हातातून ते ओलं ढेकूळ घेतलं, आणि पदराच्या टोकात बांधून ठेवलं.

सुनावणी पावसाच्या तोंडावर झाली. या सुनावणीमुळेच मी हे सगळं लिहायला घेतलंय, बाकीचं नुसतं आश्चर्य म्हणून सोडूनही दिलं असतं.

साहेब तरुण होते, हुशार. दोन्ही ट्रॅक त्यांनी गावनकाशावर ठेवले. म्हणाले, "वाळूचा पंचनामा आहे, झाडांची ओळ आहे, वनरक्षकांची सही आहे. जुनं पात्र होतं हे दिसतंय. मला एकच सांगा मॅडम, वेळेची नोंद बघता तुम्ही जुन्या पात्राने आधी चाललात. सकाळी. खणलं नंतर. आदेशात तर नुसतं नदी म्हटलंय. मग खणायच्या आधी तुम्हाला कसं कळलं, की जुनी नदी तिथून होती?"

खोलीत पंखा फिरत होता. हौसाबाई कोपऱ्यात खाली बसलेली, खुर्ची दिली तरी. गार्डभाऊ भिंतीला टेकून. नियमाने मला एकच उत्तर होतं - साहेब, तिथे पाणी होतं. वीस-बावीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलेय, की जे दिसलं तेच बोला. ते उत्तर दिलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं, त्याचं मला फारसं काही नाही. पण माझा ट्रॅक रद्द झाला असता, पंचनाम्यावर शंका आली असती, आणि त्या कोपऱ्यातल्या बाईला चार दिवसांवर आलेली पेरणी कायमची थांबवावी लागली असती.

मी म्हटलं, "झाडांची ओळ दिसली साहेब. करंज आणि उंबर. पाचोळा पायाने सारला तर वाळू दिसली, म्हणून त्या कडेने चालत गेले."

साहेबांनी गार्डभाऊंकडे बघितलं. गार्डभाऊ म्हणाले, "व्हय साहेब. मी समोरच व्हतो."

झालं. साहेबांनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी टपरीवर चहा घेतला. एकमेकांकडे बघायचं टाळलं. जाताना ते एवढंच म्हणाले, की पुन्हा एकदा जाऊन आलो मॅडम, गाळावर आता गुरं फिरलीत, काही राहिलेलं नाही. का गेले होते, ते मी विचारलं नाही. आमच्यात तेवढी ओळख झाली होती.

मोजणीच्या आयुष्यात मी जाणूनबुजून खोटं एकदाच बोलले, आणि तेसुद्धा एक खरी गोष्ट खरी वाटावी म्हणून. त्याचा बोजा अजून आहे. त्यातून डोक्यावर माती घेऊन चाललेली बाई मी! वर्षाच्या आत घरात काही होईल का, म्हणून मी, मुंजाच्या पिंपळाखाली गाडी लावणारी, वर्षभर गुपचूप दिवस मोजत होते. हसा खुशाल. काही झालं नाही. चाल खोटी नव्हती, बोलणं खोटं होतं, आणि रीत चालण्यापुरतीच असावी, अशी मी माझी समजूत घातली.

खाचर अलीकडे आलं. निकालाची नक्कल द्यायला मी स्वतः गेले, टपालाने पाठवता आली असती तरी. ऑगस्ट होता, खाचरात भाताचं आवण, म्हणजे रोपं, लावून झालं होतं, हिरवंगार. नव्या पात्रातून नदी धो धो वाहत होती. हौसाबाई पडवीत बसली होती. मी कागद तिच्या हातात दिला, कुठे काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. तिने तो घडी करून उशाखाली सारला. मग माझा हात धरून मला जवळ बसवलं आणि आवाज बारीक करून विचारलं,

"पानी किती व्हतं गं?"

तीन महिन्यांत मला हा प्रश्न विचारणारी ती पहिली. नवरा, नामदेव, ज्यांना माहीत होतं त्या बाकीच्यांनी पाणी होतं का, असं विचारलं होतं, तेही डोळे बारीक करून.

"घोट्याएवढं, आजी. स्वच्छ. तळ दिसत होता. बारके मासे होते."

तिने डोळे मिटले. माझा हात सोडला नव्हता.

"प्यालीस का?"

नाही, मी म्हटलं. माझ्या सॅकमध्ये विकतच्या पाण्याची बाटली होती. कामावर असताना मी बाहेरचं पाणी पीत नाही.

"अरं द्येवा," ती म्हणाली, रागाने नाही, नुसतंच हळहळून. "लई ग्वाड व्हतं. आता मी तुला कसं सांगू?"

ती मागच्या थंडीत गेली. नामदेवचा फोन आला होता. खाचर तो लावतो.

यावर तुमच्यापैकी कुणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, मी सगळं वाचेन. ऊन लागलं, झरा असेल, यंत्राचा दोष, भास... यातलं प्रत्येक मी स्वतः लावून बघितलंय. बुटाला लागू पडतं ते ठशाला पडत नाही, ठशाला पडतं ते गार्डभाऊंनी बघितलं त्याला पडत नाही. दोन्ही ट्रॅक माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, बूट माळ्यावर आहेत. दर मे महिन्यात कामाच्या निमित्ताने मी त्या बाजूला जाते, जांभळाखाली गाडी लावते आणि कड्याखालून एकदा चालून येते. पाचोळा वाजतो. पाणी नसतं.

आता बाटली मात्र रिकामी नेते.